दुखऱ्या खांद्याला काम द्या

वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. असं काही महिने चाललं की माणूस हात वर नेणंच सोडून देतो. वाटतं की आपण खांद्याला जपतोय, पण वापर थांबल्याने तो आणखी कमजोर होत जातो.

खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल तिच्यात धरून ठेवण्यात चार स्नायूंचा मोठा वाटा असतो. त्यांच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. चाळिशीनंतरची बरीचशी जुनाट खांदेदुखी इथलीच. वरचं हाड या कंडरांवर घासतं म्हणून दुखतं, असं अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. काही रुग्णांचं हाड खरोखर तासलं होतं, तर काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून आत पाहिलं होतं. दोघांच्या दुखण्यात रुग्णाला जाणवेल असा फरक पडला नाही. फिनलंडमध्ये व्यायामाचाही एक गट होता. दोन वर्षांनी तोही जाणवण्याइतका मागे नव्हता.

एमआरआयमध्ये 'टेअर', म्हणजे फाटलेली कंडरा, दिसला की लोक हादरतात. अमेरिकेत, अपघाताशिवाय कंडरा आरपार फाटलेल्या ४५२ जणांना फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांत चारपैकी सुमारे तिघांना ऑपरेशन लागलं नाही. व्यायामाने फाटलेली कंडरा शिवली जात नाही, तरी दुखणं कमी होतं. आजूबाजूचे स्नायू बळकट होतात आणि हालचालीची भीती जाते, हे त्याचं एक कारण असावं. रिपोर्टपेक्षा हात किती चालतो, हे मला म्हणूनच जास्त मोलाचं वाटतं.

एक साधा व्यायाम बघा. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधायचा, कोपर काटकोनात दुमडून कुशीशी धरायचं, मध्ये घडी घातलेला नॅपकिन ठेवायचा. आता पट्टा ताणत पंजा हळूहळू बाहेर न्यायचा आणि तितक्याच सावकाश परत आणायचा. नॅपकिन पडला तर कोपर सुटलं. सोसवेल इतकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर ताण कमी करा. सोपं वाटू लागलं की जाड पट्टा घ्या. वर्षभर तोच पातळ पट्टा ओढत राहिल्याने ताकद वाढणार नाही. फरक पडायला साधारण तीन महिने द्या, आठवड्याभरात सोडू नका.

रोज फिजिओथेरपी सेंटरला जाणं परवडत नाही, ही अडचण खरी आहे. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना सहापर्यंत भेटी मिळाल्या, तर काहींना फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट समजावून घरचे व्यायाम दिले. वर्षभरात दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले.

मात्र पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, ताप किंवा सूज आली, हाताला मुंग्या येऊन जोर गेला, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण किंवा घाम असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. मधुमेह असून खांदा सगळ्याच दिशांनी आखडत चालला असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. त्याचे व्यायाम वेगळे असतात.