वर्गीकरणव्यवस्था आणि समाज

वस्तू, व्यक्ती, रोग, ग्रंथ किंवा सजीव यांची ठरावीक निकषांनुसार गटवारी करण्याच्या रीतीला वर्गीकरणव्यवस्था म्हणतात. असे गट निसर्गात आयतेच असतात, असे वरवर वाटते. पण कोणता निकष मुख्य मानायचा, भेद कितपत बारीक करायचा आणि उरलेसुरले कोठे ठेवायचे, हे ज्या समाजाच्या गरजेतून वर्गीकरण होते त्याच्या व्यवहारांवरून आणि समजुतींवरून ठरते. वस्तूंचे गट मुळात माणसांच्या गटांवरून बेतले गेले, असे प्रतिपादन फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम आणि मार्सेल मोस यांनी १९०३ मधील निबंधात केले. त्यांच्या पुराव्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले, तरी त्यांनी मांडलेला प्रश्न टिकून राहिला.

अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली, पुस्तकांना विषयानुसार अंक देणारी ग्रंथालयीन दशांश पद्धती हे वर्गीकरणावरील समाजाच्या प्रभावाचे बोलके उदाहरण आहे. तिच्यात धर्म हा विषय २०० या वर्गात येतो. त्यातील २२० ते २८९ हे वर्गांक बायबल व ख्रिस्ती धर्म यांनी व्यापले असून जगातील इतर सर्व धर्म २९० मध्ये एकत्र आले आहेत. परिणामी ख्रिस्ती शुभवर्तमानांना २२६ हा सुटसुटीत अंक मिळतो, तर भगवद्गीतेच्या पुठ्ठ्यावर २९४.५९२४ असा लांबलचक अंक लिहावा लागतो. ड्यूई यांच्या परिसरातील ग्रंथालयांत ख्रिस्ती ग्रंथच अधिक असल्याने ही विभागणी तेथे सोयीची होती. ती जगभर गेली, तेव्हा तिच्यातला कल उघड झाला.

वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो हे फळ आहे. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये, लोक ते जेवणात भाजीसारखे खातात म्हणून, जकातीपुरते त्याला भाजी ठरविले. रोगांच्या यादीतील बदल याहून गंभीर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली. येथे बदलली ती माणसे नव्हेत, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी.

वर्गीकरणाला कायद्याचे बळ मिळाले की त्याची झळ थेट माणसांना लागते. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक व्यक्तीची वंशानुसार नोंद सक्तीची केली. रंगरूप आणि समाजात त्या व्यक्तीला काय मानले जाते, हे निकष धरले जात. शंका आल्यास केसांत खोवलेली पेन्सिल अडकते की खाली पडते, हेही पाहिले जाई. एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या वर्गांत गेली, आणि राहण्याची जागा, शाळा, विवाह हे सारे त्या नोंदीवर अवलंबून राहिले. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.