सरखेल
सरखेल : मराठेशाहीतील आरमारप्रमुखाचे पद व किताब. कान्होजी आंग्रे (मृत्यू ४ जुलै १७२९) व त्यांच्या वंशजांमुळे तो विशेष परिचित आहे.

शब्द फार्सीतून आला. ‘सर’ म्हणजे प्रमुख, याबद्दल मतभेद नाही. वाद आहे तो ‘खेल’चा. अरबी ‘खैल’ म्हणजे घोडे, त्यावरून घोडेस्वारांचे पथक. पठाणी कुळनावांच्या शेवटी येणारा ‘खेल’ मात्र टोळी या अर्थाचा असून, त्यावरून सरखेल म्हणजे टोळीनायक असेही लावतात. पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. चौदाव्या शतकात दिल्ली सल्तनतीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने दिलेल्या लष्करी उतरंडीत दहा स्वारांवरचा नायक तो सरखेल आणि दहा सरखेलांवरचा सिपाहसालार. म्हणजे हुद्दा मुळात घोडदळातला, आणि तोही अगदी खालच्या पायरीचा. दक्षिणेत त्याचे वजन वाढले. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मीर मुहम्मद सईद ‘मीर जुमला’ (प्रमुख मंत्री) होण्यापूर्वी सरखेल होता. तेथे ते दरबारातले वरिष्ठ पद होते. समुद्रावर हा शब्द बहुधा ‘अधिपती’ अशा व्यापक अर्थानेच गेला असावा. ‘अ‍ॅडमिरल’चे मूळही जमिनीवरच्या अरबी ‘अमीरा’तच सापडते.

शिवकाळात आरमाराच्या संदर्भात ‘दर्यासारंग’ हे नाव आढळते. सरखेलपद राजारामकाळात प्रथम सिधोजी गुजर यांना मिळाले, असे काही अभ्यासक मानतात. त्यांच्यामागून, १६९८ च्या सुमारास, ते कान्होजींकडे आले. कान्होजींच्या संस्कृत मुद्रेत ‘सरखेलस्य’ असे षष्ठीचे रूप आहे.

पुणे प्रांताशी या किताबाचा संबंध राजकारणातून आला. कान्होजींनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केल्यावर शाहूंनी नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरी येथे बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. त्यानंतर लोणावळ्याजवळ वळवण येथे तह होऊन शाहूंच्या वतीने सरखेलपद कान्होजींकडे कायम झाले. तहाचा काळ १७१३ ची अखेर किंवा १७१४ चा आरंभ धरावा. पुढे १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी आंग्रे बंधूंत वाटणी केली : संभाजींकडे ‘सरखेल’, कुलाब्याच्या मानाजींकडे ‘वजारतमाब’ हा किताब. संभाजींनंतर सरखेल झालेल्या तुळाजींचा १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे पेशवे व इंग्रजांनी मिळून पाडाव केला. त्यानंतर पेशव्यांनी विजयदुर्गाचे आरमार आपल्या हाती घेतले. पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांच्या काळात तेथील पदनाम ‘सुभा आरमार’ असे होते.

सरखेल हे आडनावही आहे.