धर्मादाय रुग्णालयात त्वचारोगावर उपचार: खान्देशातल्या रुग्णाने कोणता कागद कुठे दाखवायचा

धर्मादाय म्हणजे सगळं फुकट, असं धरून लोक यावल-शिरपूरकडून पहाटेच्या एसटीने निघतात आणि केसपेपरच्या खिडकीवरच वाद सुरू होतो. सवलत कायद्याने आहे, पण मागितल्याशिवाय लागत नाही. त्वचेच्या रुग्णाची अडचण आणखी वेगळी. कायदा बोलतो खाटांबद्दल, आणि नायटा, खरूज, इसब, कोड यांचे बहुतेक रुग्ण खाटेवर जातच नाहीत. त्यांचं काम ओपीडीतच संपतं.

आधी नियम पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या, म्हणजेच धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. पैसा येतो निर्धन रुग्ण निधीतून. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाला या निधीत टाकावी लागते. खाट, परिचर्या आणि नेहमीच्या तपासण्या दोन्ही गटांना मोफत. फरक पडतो औषधं आणि साहित्यात: निर्धनाचा हा खर्च निधीतून जातो, दुर्बल घटकाला त्यातला निदान निम्मा भरावा लागतो.

ओपीडीत म्हणून दोनच प्रश्न विचारायचे: केसपेपर केवढ्याचा, आणि तपासणीला किती. धर्मादाय संस्थांचे ओपीडीचे दर सहसा कमी असतात, पण सगळीकडे सारखे नसतात. बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं) किंवा महागडी औषधं लिहून दिली, तर बिल भरण्याआधी सवलतीचं काम पाहणाऱ्या, रुग्णालयातल्याच वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बिल फाडून झाल्यावर सवलत मागणं म्हणजे अर्धी लढाई हरून सुरुवात करणं.

भरती व्हायची वेळही येते. अंगभर पाण्याचे फोड येणारा पेम्फिगस, एखाद्या गोळीच्या रिअॅक्शनने कातडी सुटत जाणं, सोरायसिस अंगभर पसरून ताप भरणं, ही दुखणी जिवावर बेततात. अशा तातडीच्या रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने आधी दाखल करून घ्यायचं असतं. निर्धन रुग्णाकडे अनामत मागायची नाही. कागद नातेवाइकांनी मागाहून आणले तरी चालतात, फक्त ‘आम्ही योजनेत बसतो’ हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशीही तेव्हाच करा. ते रुग्णालय योजनेत असेल तर आरोग्यमित्राचं टेबल तिथेच असतं. ती योजना मुख्यतः भरतीच्या उपचारांची आहे, ओपीडीतल्या मलमांची नाही.

कागदांत मुख्य म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड. पिवळं कार्ड असेल तर काम सोपं. केशरी असेल तर दाखला बहुधा मागतातच, तेव्हा तो काढून ठेवलेला बरा. अर्ज सेतू केंद्रात, महा ई-सेवा केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर होतो. आधार, रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो; शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. तलाठी अहवालालाच दिवस जातात, म्हणून दुखणं जुनं असेल तर आजच अर्ज टाका. ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी तर गाव सोडण्याआधी दाखला खिशात ठेवावा. तिकडून तो मिळवणं फार जिकिरीचं. लग्न झालेल्या मुलीचं आधारवर माहेरचं आणि रेशनकार्डावर सासरचं नाव, ही गडबड आपल्याकडे घरोघरी आहे. ती आधीच दुरुस्त करा, निदान लग्नाचा दाखला सोबत न्या.

पण त्वचारोगाच्या डॉक्टरांना हवा असलेला कागद वेगळाच असतो: आजवर लावलेल्या मलमांच्या ट्यूबा. रिकाम्या, चुरगळलेल्या, सगळ्या. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमात स्टेरॉइड असलं की नायटा वरवर दबतो आणि आत पसरतो. त्याचं रूपच असं बदलतं की ओळखू येत नाही. उन्हाळ्यात घामाने जांघेत, कमरेला हेच चालू असतं आणि घरातले सगळे एकच ट्यूब वापरतात. तपासणीच्या दिवशी तिथे मलम, तेल, हळद काही लावू नका. पुरळ येऊन जात असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

शेतात काम करणाऱ्यांनी गाजरगवताचा उल्लेख आवर्जून करावा. चेहरा, मान, हाताचे कोपरे खाजून काळवंडत असतील तर डॉक्टर पॅच टेस्ट, म्हणजे अॅलर्जी कशाची आहे ते शोधणारी तपासणी, सुचवू शकतात. त्यात पाठीवर पट्ट्या चिकटवतात, त्या ४८ तास ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, जड काम करायचं नाही. पट्ट्या काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी असं दोनदा वाचन होतं. धडगाव-अक्कलकुव्याहून येणाऱ्याने मुक्कामाची सोय पाहूनच तारीख घ्यावी.

एका आजारासाठी यातला कुठलाच कागद लागत नाही. फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर संवेदना नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. बहुविध औषधोपचार तिथे मोफत मिळतो, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. उत्पन्न कोणी विचारत नाही.

शिकवणाऱ्या रुग्णालयात आधी निवासी डॉक्टर तपासतात, मग वरिष्ठ येतात, कधी सोबत विद्यार्थ्यांचा घोळका असतो. वेळ जातो, पण एकाच चट्ट्यावर चार जणांची नजर पडते. इतक्या लोकांसमोर कपडे काढायचे नसतील तर स्पष्ट सांगा. बाई रुग्णासोबत बाई कर्मचारी मागता येते. फोटो काढण्याआधीही परवानगी विचारली पाहिजे.

संशोधनात सामील व्हा असं सांगितलं तर संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर ते समजावून सांगावं लागतं. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे विचारा. सहीची एक प्रत तुमची. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ‘सही केली तरच फुकट’ असं कोणी म्हणालं, तर सही करू नका.

धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसंच जळगाव आणि नंदुरबारची शासकीय महाविद्यालयं धर्मादाय योजनेत येत नाहीत. तिथले नियम शासनाचे आणि तिथे समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. धर्मादाय रुग्णालयाने पात्र असूनही नाकारलं तर नकार लेखी मागा. देत नसतील तर तारीख, वेळ आणि टेबल लिहून घ्या, केसपेपर व दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार देऊन पोच घ्या.