सांडपाणी प्रक्रिया केंद्र

घरे, हॉटेले, दवाखाने यांतून निघणारे मलजल नदी-नाल्यात सोडण्यापूर्वी शुद्ध करणारी यंत्रणा. बोलण्यात सर्रास ‘एसटीपी’. नागपूरचे मोठे केंद्र शहराच्या पूर्वेला भांडेवाडी येथे आहे.

नागपूरचे सांडपाणी नाग व पिवळी या नद्यांतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि पुढे भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द जलाशयाला मिळते. म्हणजे नागपूरकराच्या मोरीतले पाणी शेवटी भंडाऱ्याच्या ढिवराच्या जाळ्यापर्यंत जाते.

सांडपाणी नदीला मारते ते मुख्यतः ऑक्सिजन संपवून. त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. या गरजेच्या मोजमापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी) म्हणतात. साध्या घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. उलट ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि तो ४-५ च्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास होऊ लागतो. वैदर्भी उन्हाळ्यात तर सगळेच प्रतिकूल : पाणी तापल्याने ऑक्सिजन कमी विरघळतो, जिवाणूंची भूक वाढते आणि नदीला मुळातच धार नसते. मे महिन्यात नाग नदीत वाहते ते जवळपास सगळे सांडपाणीच.

नदीने मैलोन्‌मैल वाहत केले असते तेच कुजवण्याचे काम केंद्रात काही तासांत उरकते. जाळ्यांवर प्लॅस्टिक व चिंध्या अडतात, रेती खाली बसते. मग पाणी वायुमिश्रण टाकीत येते. तिथे ब्लोअरने हवा सोडून जिवाणू पोसले जातात; त्यांच्या पुंजक्यांचाच गाळ बनतो. १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडलेल्या या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीवरच आजची बहुतेक केंद्रे चालतात. टाकीची तब्येत यंत्राआधी नाकाला कळते. रंग तपकिरी आणि वास ओल्या मातीचा असेल तर ठीक. काळपट रंग व सडक्या अंड्यांचा वास आला, की हवा कमी पडते आहे. चालक रोज एक लिटरच्या नळकांड्यात नमुना घेऊन अर्धा तास ठेवतो आणि गाळ किती खाली बसला, वरचे पाणी किती नितळले ते पाहतो. गाळ बसलाच नाही तर तो पाण्याबरोबर नदीत जाणार. शेवटी क्लोरीन वगैरेने निर्जंतुकीकरण होते. नत्र व स्फुरद काढणे मात्र जास्त खर्चाचे असते; ते राहून गेले तर पुढच्या साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजते.

भांडेवाडीचे वैशिष्ट्य म्हणजे इथले प्रक्रिया केलेले पाणी महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीच्या कोराडी व खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. वीजनिर्मितीसाठी लागणारे पेंच धरणाचे पाणी त्यामुळे तितके वाचते. महापालिकेला याचे पैसेही मिळतात. एरवी एसटीपी म्हणजे निव्वळ खर्चाचे खाते, आणि विजेचे बिल थकले की सर्वात आधी ब्लोअर बंद पडतात.

केंद्र कितीही चांगले असो, गडर लाइनीतून (मलवाहिनीतून) जे येते तेवढ्यावरच ते काम करते. वस्तीचे पाणी थेट नाल्यात सुटत असेल तर ते भांडेवाडीला वळसा घालून नदीत जाते. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखालील नाग नदी प्रकल्पात म्हणूनच नव्या केंद्रांच्या जोडीला मलवाहिन्यांचे जाळेही धरले आहे.