पूर्व जर्मनीतील पश्चिमी दूरचित्रवाणी

जर्मनीच्या फाळणीच्या काळात (१९४९–९०) पूर्व जर्मनीचे नागरिक पश्चिम जर्मनीच्या वाहिन्या घरबसल्या पाहत. जगाच्या दोन परस्परविरोधी बातम्या एकाच संध्याकाळी, आपल्याच भाषेत ऐकण्याची सवय एवढ्या मोठ्या समाजाला क्वचितच लागली असेल.

साडेसातला पूर्वेचे सरकारी बातमीपत्र ‘आक्टुएले कामेरा’ लागे. त्यात देशाचे नेते एरिख होनेकर यांचे नाव आले की सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सरचिटणीस, राज्य परिषदेचे अध्यक्ष ही बिरुदावली दर वेळी पुरती वाचली जाई. आठला पश्चिमेच्या एआरडी वाहिनीचे बातमीपत्र ‘टागेसशाऊ’. दोन्हीकडच्या बातम्यांचे घड्याळ वेगळे दिसे; शाळेत शिक्षक मुलांना टीव्हीवरचे घड्याळ कसे दिसते ते विचारत आणि त्यावरून घरी काय पाहतात ते ताडत, अशी आठवण पुष्कळजण सांगतात.

१९६१ मध्ये पक्षाच्या युवक संघटनेने छपरांवर चढून पश्चिमेकडे वळवलेले अँटेना फिरवण्याची मोहीम काढली. ती टिकली नाही, आणि १९७३ मध्ये खुद्द होनेकर यांनी ज्याने त्याने हवे तर टीव्ही लावावा, नको तर बंद करावा, असे सांगून टाकले. उरला प्रतिवाद. पूर्वेच्या टीव्हीवरचे भाष्यकार कार्ल-एडुआर्ड फोन श्निट्झलर १९६० पासून दर सोमवारी ‘डेर श्वार्त्से कानाल’ या कार्यक्रमामध्ये पश्चिमी बातम्यांचे तुकडे दाखवून ते खोडून काढत, म्हणजे नको असलेली बातमी सरकारच स्वखर्चाने पुन्हा दाखवी!

एल्ब नदीच्या खोऱ्यातले ड्रेस्डेन आणि ईशान्येचा ग्राइफ्सवाल्डचा भाग मात्र प्रक्षेपकांपासून दूर पडत. तिथे पश्चिमेचे चित्र येत नसे, म्हणून ड्रेस्डेनकडच्या भागाला बाकीचे ‘अजाणांची दरी’ म्हणून हिणवत. पश्चिमेचा टीव्ही पाहणारे राजवटीवर अधिक चिडलेले असणार, हा अंदाज इथेच फसतो. होल्गर लुट्झ केर्न आणि येन्स हाइनम्युलर यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार तो पाहणारेच राजवटीबाबत अधिक समाधानी होते. देश सोडण्याचे अर्ज ड्रेस्डेन भागातून जास्त येत. लोक बातम्यांइतकेच, किंबहुना जास्त, मालिका आणि चित्रपट पाहत; कंटाळवाणे जगणे त्याने सुसह्य होई, असे कारण हे दोन संशोधक देतात.

१९८९ मध्ये मात्र बातमीने घटनांनाच पुढे रेटले. ९ ऑक्टोबरला लाइपझिगचा राजवटविरोधी मोर्चा आराम राडोमस्की आणि झीगबर्ट शेफके यांनी चर्चच्या मनोऱ्यावरून चोरून चित्रित केला. ती फीत पश्चिम बर्लिनला पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या टीव्हीवरून पूर्वेतल्या घराघरात परतली. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सत्ताधारी पक्षाचे नेते गुंटर शाबोवस्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम ‘ताबडतोब’ लागू असल्याचे चुकून सांगितले. वस्तुतः ते दुसऱ्या दिवशी, व्हिसाच्या अटीसह लागू व्हायचे होते. आठच्या ‘टागेसशाऊ’ने सीमा उघडल्याची बातमी दिली. पावणेअकराच्या सुमारास एआरडीचे वृत्तनिवेदक हान्स योआखिम फ्रीडरिक्स यांनी बर्लिनच्या भिंतीची दारे सताड उघडी असल्याचे जाहीर केले, तेव्हा ती तशी नव्हती. बातमी ऐकून नाक्यांवरची गर्दी आणखी वाढली आणि साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याने तपासणीच सोडून दिली.