सिग्नलचा रेझिस्टर: प्लसला की मायनसला?

मॉडेल रेल्वेचा नाद असणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: सिग्नलच्या एलईडीचा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा छोटा भाग) प्लसच्या वायरीतच लावा, मायनसला लावलात तर करंट आधी एलईडीत घुसून तो जाळतो.

वाटतं खरं, कारण आपण वीज नळाच्या पाण्यासारखी कल्पितो. वाटेत आधी भेटेल त्याला पहिला फटका. पण एकामागोमाग जोडलेल्या सर्किटात करंट सगळीकडे एकच असतो. सप्लाय १२ व्होल्टचा, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट, उरले १०. रेझिस्टर १००० ओहमचा, म्हणजे करंट १० मिलिअँपिअर. या हिशेबात रेझिस्टर अलीकडे की पलीकडे हा प्रश्न येतोच कुठे?

खात्री करायचीय? मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून त्याच ओळीत जोडा आणि आकडा बघा. सप्लाय बंद करून रेझिस्टर एलईडीच्या लांब (प्लसच्या) पायावरून आखूड (मायनसच्या) पायाला न्या. आकडा तोच. (मीटर थेट सप्लायच्या दोन टोकांना मात्र लावू नका, फ्यूज उडेल.)

उलट बऱ्याच तयार सिग्नलांत सगळ्या दिव्यांना प्लसची वायर एकच असते. तिथे प्रत्येक रंगाचा रेझिस्टर मायनसलाच लावणं सोयीचं. सामायिक वायरीत एकच लावून लाल आणि ३ व्होल्टचा हिरवा एकदम पेटवलात, तर लाल उजळतो, हिरवा जेमतेम मिणमिणतो.

मी रेझिस्टर बोर्डाखाली, खांबाच्या बुडाशी लावतो. पोकळ नळीत तो मावत नाही, एवढंच कारण.