एनटीपीसी : फताटेवाडीचं की रेल्वेचं?

भाच्याने एनटीपीसीचा फॉर्म भरला तेव्हा त्याची आजी हरखून गेली. “बरं झालं बाळा. फताटेवाडी काय लांब नाही, घरचा डबा नेता येईल.”

“तिकडचं नाही गं आजी, रेल्वेचं!”

आजीचं काही चुकलं नव्हतं. सोलापूरजवळच्या फताटेवाडीला ६६० मेगावॉटचे दोन संच असलेलं औष्णिक वीजकेंद्र आहे. ते चालवणारी कंपनी १९७५ साली नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन या नावाने सुरू झाली. रेल्वे भरतीतलं एनटीपीसी म्हणजे नॉन-टेक्निकल पॉप्युलर कॅटेगरीज : स्टेशन मास्तर, गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर), क्लार्क वगैरे पदं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही आणि कुणी कुणाची नक्कलही केलेली नाही. मग चार अक्षरं नेमक्या त्याच क्रमाने कशी आली?

इंग्रजी अक्षरं २६. तीन अक्षरी लघुरूपं होतात २६ × २६ × २६, म्हणजे १७,५७६. एवढ्यात सगळ्यांची सोय व्हावी असं वाटतं, पण इथे वाढदिवसाचं गणित आडवं येतं. वर्गात २३ मुलं असली, तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, कारण २३ मुलांच्या जोड्या २५३ होतात. लघुरूपांचंही तसंच. संस्था १५७ झाल्या की कुठल्यातरी दोघींची तीन अक्षरं जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. चार अक्षरं घेतली तर ४,५६,९७६ लघुरूपं होतात, पण तिथेही ८०० संस्था पुरतात.

हा हिशोब सगळी अक्षरं सारखीच वापरात आहेत असं धरून केलेला. प्रत्यक्षात क्यू आणि एक्सला कोण विचारतं? उलट आपल्या सोलापुरातल्या दुकानांच्या, पतपेढ्यांच्या पाट्या वाचत चाला. सोलापूर, सिद्धेश्वर, श्री, शिक्षण, सहकारी, संघ, संस्था, सोसायटी : सगळ्यांचं पहिलं अक्षर एस! मराठीत श आणि स वेगळे, पण रोमन लिपीत गेले की दोघेही एसच्या एकाच खणात. ट, ठ, त, थ ही चारही अक्षरं टीमध्ये जातात. आपणच आपली जागा अशी आक्रसून घेतो, याची मला खरोखर हळहळ वाटते. कारण मनपा (महानगरपालिका), मसाप (महाराष्ट्र साहित्य परिषद), शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) अशी देवनागरी लघुरूपं करताना आपण स्वर सोबत ठेवतो. ३४ व्यंजनं आणि बाराखडीतले १२ स्वर धरले तर एकेका जागेवर ४०८ पर्याय. तीन जागांचे मिळून जवळपास पावणेसात कोटी!

तरी एरवी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक यादी आपापल्या कुंपणात असते. रेल्वेच्या यादीत एस-यू-आर म्हणजे सोलापूर स्टेशन. देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तीच तीन अक्षरं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची, आणि चलनांच्या यादीत ती सोव्हिएत रूबलची होती. सोलापूरचं तिकीट काढताना सुरिनाम कुणाच्या वाटेत येत नाही. एका यादीत मात्र एक संकेत एकालाच मिळतो. एनटीपीसीच्या बाबतीत दोन्ही कुंपणं एकाच घरात, नोकरीच्या विषयात एकत्र आली, म्हणून आजीची गफलत झाली.

कुंपण मोडलं की प्रकरण कोर्टातही जातं. नव्वदच्या दशकातली आपली पोरं गल्लीत डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं खेळायची, ती अमेरिकन कुस्तीची. पांडाचं चिन्ह मिरवणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ वेगळी, १९६१ सालची वन्यजीव संस्था. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी पाहत वाढलेल्यांना तिचं काम समजावून सांगायला नको. दोघांनी १९९४ साली करार केला, कुस्तीवाल्यांनी ती अक्षरं कुठे आणि किती वापरायची याचा. पुढे तो मोडल्याची तक्रार झाली, लंडनच्या न्यायालयांनी वन्यजीव संस्थेच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ साली कुस्तीवाले डब्ल्यूडब्ल्यूई झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं जुन्या लढती पुन्हा दाखवताना पडद्यावरचं आधीचं चिन्ह त्यांना धूसर करावं लागत होतं.